हवेची पिशवी

मासा पोट वर करून तरंगत होता. डोळे खोबणीतून बाहेर आलेले, तोंडातून एक गुलाबी गोळा लोंबणारा. मत्स्यालयाच्या डॉक्टरबाईंनी त्याला ओल्या फडक्यात धरलं आणि मॅनेजरकडे न बघताच विचारलं, "कोणी ओढला हा वर?"

"ते राहू द्या हो मॅडम. सुई टोचून हवा काढता येते ना? तेवढी काढा. संध्याकाळी उद्घाटन आहे, मोठ्या टाकीत हाच फिरायला हवा."

"फिरायला हवा म्हणे! हा गोळा म्हणजे त्याचं जठर आहे, जठर! आतल्या हवेनं तोंडातून बाहेर ढकललंय."

मॅनेजरनं नाक मुरडलं. गेल्या वर्षापर्यंत हा गृहस्थ हॉटेल चालवायचा. मासा त्याला माहीत तो ताटातला.

"ह्याच्या पोटात हवेची पिशवी असते," बाई दातओठ खात म्हणाल्या. "तिच्या जिवावर तो खोल पाण्यात फारसे पंख न हलवता जागच्या जागी तरंगतो. पण त्या पिशवीला दार नाही. हवा रक्तातून भरायची आणि रक्तातूनच काढायची, हळूहळू. एकदम वर ओढलं की दबलेली हवा फुगते. म्हणून खाली मासा पकडला की त्याची टोपली थांबत थांबत वर आणायची असते. दिवस जातो त्यात. शंभरदा सांगितलंय!"

"दिवस कोणाकडे आहे? मीच सांगितलं बोटीवरच्यांना, यारी लावा आणि खेचा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसाशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी पंखामागं सुई घातली. हवा सुटल्याचा बारीक आवाज आला. मग त्यांची नजर बाजूच्या टोपलीवर गेली. झाकणाची कडी तुटलेली होती.

"झाकण कोणी धरलं होतं?"

"तुमच्या पाणबुड्या भावानं, दुसरं कोण? सकाळभर समुद्रात खाली होता. मी बजावलंच होतं, मासा निसटला तर नोकरी गेली म्हणून समज. पठ्ठ्या वर येईपर्यंत टोपलीला चिकटून होता."

सुई धरलेला हात थांबला.

"कुठाय तो?"

"मागच्या खोलीत लवंडलाय. गुडघे दुखतात म्हणत होता. चहा दिला, दुखण्याची गोळी दिली. माणुसकी आहे हो आमच्यात."

"माणुसकी? अरे, माणसाच्या रक्तातही मुरते खालची हवा! त्यालाही थांबत थांबतच वर यायचं असतं!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की काचा पुसणारी बाई फडकं टाकून धावत आली. "ॲम्ब्युलन्स बोलवा! आणि तो प्राणवायूचा सिलिंडर द्या इकडे."

"तो माशांसाठी आहे मॅडम, संध्याकाळी..."

"बाजूला हो!"

सिलिंडर त्यांनी स्वतःच ओढत नेला.

भाऊ बाकावर आडवा पडला होता, रबरी पोशाख कमरेपर्यंतच उतरवलेला. "ताई, मासा जगला ना?"

"मरू दे तो मासा! अक्कल गहाण टाकली होतीस का? तुला मी शिकवायचं का वर कसं यायचं ते?"

"थांबलो असतो तर झाकण उघडलं असतं गं."

त्यांनी नळी त्याच्या तोंडाशी धरली. श्वास घे म्हणून दरडावलं. बाहेर मॅनेजर फोनवर कोणाला तरी सांगत होता, "हो हो, कार्यक्रम वेळेवरच." तोपर्यंत काचा पुसणाऱ्या बाईनं स्वतःच्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली होती.

"पाय हलव."

"जड झालेत जरा. झोपेनं असेल."

त्यांनी खिशातून नवी सुई काढली. "टोचते हं."

भावानं डोळे गच्च मिटले. लहानपणापासून सुई म्हटली की त्याची गाळण उडायची.

त्यांनी एका तळपायाला टोचलं. मग दुसऱ्या. मग पुन्हा, जरा जास्तच जोरात. रक्ताचा थेंब फुटला आणि टाचेवरून ओघळला.

"टोच ना गं ताई एकदाची," तो डोळे मिटूनच म्हणाला. "उगाच घाबरवू नकोस."