विरघळलेलं

पाणी ठेवायच्या ओट्यावर पाच वस्तू होत्या. फिल्टरच्या पाण्याची तोटीवाली निळी कॅन, बोअरच्या पाण्याची कळशी, पालथा माठ, झाकणाचा पितळी तांब्या, आणि एक गोल डबी, दात घासायच्या मिसरीची असावी. पूनमनं पाचही नीट पाहून घेतल्या आणि पिशवीतून पाण्यातले क्षार मोजायचा मीटर काढला.

"हे काय आनलं व? ताप पाहाचा हाय काय कोनाचा?" शालूबाईंनी विचारलं.

"पाण्याचा ताप पाहाचा हाय, माय."

पूनम अमरावतीला रसायनशास्त्रात एमएस्सी करत होती. वडिलांचा नवा रिपोर्ट कळला, तशी दुसऱ्याच दिवशी ती वडनेर भोलजीला येऊन पोचली. उकंडरावांच्या किडन्या थकल्या होत्या. जेवणातलं मीठ बंद, बोअरचं खारं पाणी बंद, फिल्टरचं पाणी पोटभर प्या, असं डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगितलं होतं. घरानं ते तंतोतंत पाळलं, तरी दर रिपोर्टात क्रिएटिनिनचा आकडा चढतच होता. पुढच्या खेपेला उतरला नाही, तर डायलिसिस.

घराचा संशय एकाच माणसावर होता. कॅन आणायचं काम थोरल्या गोकुळचं. फिल्टर गावाच्या त्या टोकाला, आणि बोअर घरामागंच. परवा काका रामराव भर बैठकीत म्हणाले होते, "रांगेचा कंटाळा येते म्हून बोअरवरच भरत असशीन बे तू." तेव्हापासून गोकुळ घरात कोणाशी धड बोलत नव्हता. आत्ताही तो उंबऱ्यात बाहेर तोंड करून बसला होता.

"लाव तुह्यं मशीन," तो वळूनही न पाहता म्हणाला. "निघू दे एकदाचं. बापाले मीच मारून राह्यलो म्हनतेत सारे."

पूनमनं आधी कळशीतलं पाणी वाटीत घेतलं आणि मीटर बुडवला. एक हजार आठशे चाळीस. मग वाटी फिल्टरच्या पाण्यानं विसळून कॅनची तोटी सोडली. सेहेचाळीस. पुन्हा मोजलं. सेहेचाळीसच.

"दादा, तुह्यं पाणी चोख हाय."

गळ्यातल्या दुपट्ट्यानं गोकुळनं तोंड पुसलं, ते जरा जास्तच वेळ. मग उठला. "काकाले सांगून येतो," म्हणाला आणि चपला न घालताच निघाला.

पूनमला बरं वाटलं आणि नाहीही वाटलं. पाणी चोख, जेवण चोख, मग रिपोर्ट काऊन बिघडते? सकाळची भाजी तिनं स्वतः खाल्ली होती, मिठाचा कण नव्हता.

"माय, तुह्या ताटातही मीठ नव्हतं."

"थे अळणी खातेत, अन् मी खारं खाऊ काय त्याहीच्यासमोर?" शालूबाई जवळ येऊन बसल्या. "मले हे सांग, ह्या मशीनले कसं समजते, पाण्यात काय हाय थे?"

"पाण्यात आयन असतेत, माय. डोळ्यानं दिसत नाईत इतके बारीक कण, पण हरेकावर विजेचा भार. कोनावर धन, कोनावर ऋण. मीटरच्या ह्या दोन टोकांत वीज सोडली, का धन एकीकडं पळतेत अन् ऋण दुसरीकडं. जेवढे आयन जास्त, तेवढी वीज जास्त वाह्यते, तेवढा आकडा मोठा."

"नाव काय त्याहीचं?"

"सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम. बाबाले खरा धोका सोडियमचा."

दूरच्या सोयऱ्यांची नावं ऐकावीत तशी शालूबाईंनी ती ऐकली आणि मान हलवली. "आपल्या घरात नोको बाप्पा असलं कोनी."

पूनमला हसू आलं. "अन् बाबा पाणी पेतेत ना पोटभर? मांगं तं तू म्हने, घोटभर घेऊन ठेवून देतेत."

"थे पह्यले. जन्म गेला ह्या गावच्या पाण्यावर, फिल्टरचं जिभेले लागेच ना त्याहीच्या. अळणी हाय म्हनत, तांब्या सरकवून देत. डॉक्टर म्हने पेलेच पाह्यजे." शालूबाईंचा चेहरा उजळला. "आता पाह्य, तांब्यावर तांबे रिते करतेत."

"कसं काय व?"

"जमवलं म्या."

आतल्या खोलीतून उकंडरावांचा खोकला आला, मागोमाग हाक. "पाणी आना व थोडं."

शालूबाई लगबगीनं उठल्या. कॅनची तोटी सोडून त्यांनी तांब्या भरला. पूनम पाठमोरी बसून मीटरची टोकं पुसत होती. मागं डबीचं झाकण टक्कन वाजलं, मग तांब्यात चमचा फिरला, बराच वेळ.

"घे, तूच नेऊन दे. लेकीच्या हातचं आनखीन गोड लागीन."

पूनमनं तांब्या घेतला. डबी ओट्यावर उघडीच होती. तिच्या काठाला पांढरे दाणे चिकटले होते.

ती खोलीच्या दारापर्यंत गेली, थांबली आणि तिनं मीटर तांब्यात बुडवला.

आकडा चढत गेला आणि स्थिरावला. एक हजार आठशे बत्तीस.