रिकामी खुंटी

आठ रविवार खपून घडवलेली माझी सांडशी उघडेचना. दोन्ही दांडे रिवेट ठोकून जोडले, तर ते असे आवळून बसले की ओढून ओढून माझेच हात भरून आले.

मी शाळेत गणित शिकवते. लोहारकाम मोबाइलवर बघून शिकतेय, कारण सासऱ्यांना, म्हणजे मामांना, विचारायची छाती नव्हती. ते जन्मभर लोहार. त्यांच्या घरात ज्यानं त्यानं आपली सांडशी स्वतः घडवायची आणि भट्टीमागच्या भिंतीवर आपल्या खुंटीला टांगायची, अशी रीत. त्यांच्या शेजारची खुंटी लेकासाठी ठोकलेली. लेक कारखान्यात लागला. खुंटी तशीच राहिली.

सांडशी भंगारात टाकायला वळले, तर मामा दारात उभे. आता बोलणी बसणार!

"कुठं निघालीस?"

"वाया गेली, मामा. रिवेट जास्तच ठोकली."

"वाया कशानं जाईल? माझी पहिली अशीच धरली होती. जोड तेवढा लाल कर आणि निवेपर्यंत उघडझाप करत राहा. थांबायचं नाही."

त्यांनीच भाता ओढला. लाल झालेला जोड आधी कुरकुरला, मग सैल पडला. पाण्यात बुडवल्यावरही सांडशी सहज उघडत, मिटत राहिली. मला हसूच फुटलं.

मामांनी ती दोनदा उघडमीट करून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली. मग खांद्यावरच्या टॉवेलनं रिकाम्या खुंटीवरची धूळ पुसली आणि बाजूला सरकले.