सहाच्या आत

लॉकडाऊनमुळे त्या वर्षी नाचाच्या स्पर्धेला स्टेज नव्हतं. घरीच नाचायचं, मध्ये न थांबता तीन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा आणि सहाच्या आत पाठवायचा. कामतघर वस्तीत राहणाऱ्या करिष्माच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर लाइट नव्हती. लाइट आली तेव्हा सहाला पाचच मिनिटं उरली होती.

आई पूर्णा गावातल्या गोदामात ड्युटीला गेलेली. मोबाइल धरायला फक्त बाबा होता. कोविडमधून वाचून चारच दिवसांपूर्वी घरी आलेला. दोन पावलं चालला तरी त्याला धाप लागायची. करिष्माने त्याला खाटेवर बसवलं.

"बाबा, दम लागला तर लगेच सांग हां."

"तू नाच गो."

कोळीगीत सुरू झालं. दोन मिनिटं छान गेली आणि बाबाच्या हातातला मोबाइल हलायला लागला. आधी थोडा, मग जोरात. मोबाइलमागे त्याचा चेहराही दिसेना. आता थांबलं तर पुन्हा नाचायला वेळ नव्हता. आणखी चार पावलं ती कशीबशी नाचली आणि गाणं तसंच सोडून खाटेकडे धावली.

"बाबा! काय होतंय? श्वास घेता येत न्हाय का?"

त्याने मोबाइल खाली घेतला. चेहरा घामाने डबडबलेला, पण ओशाळून हसत होता.

"मला काय न्हाय झालं गो. गाणं ऐकून मीपण बसल्या बसल्या नाचत व्हतो."