टेबलाखालची उशी

"ताई, तुम्ही इथेच झोपता?" टेबलाखालची उशी पाहून मुलगी भारावली. इम्युनॉलॉजीच्या पीएचडीसाठी विद्यापीठ निवडण्याआधी ती प्रयोगशाळा बघायला आली होती. ताईही कधीकाळी अशीच आली, तेव्हा तिथे दुसऱ्या कुणाची उशी होती. संशोधन करावं तर असं, म्हणून ताईने इथलंच विद्यापीठ नक्की केलं. आई घराजवळच्या विद्यापीठासाठी अडून बसली होती. तिथल्या मार्गदर्शक बाई संध्याकाळी सहाला प्रयोगशाळेला कुलूप लावून सगळ्यांना घरी पिटाळायच्या. पुढे आई फोनवर "जेवलीस का?" विचारायची, ताई "प्रयोगातल्या पेशींना खायला घालतेय, नंतर" म्हणून ठेवून द्यायची. हल्ली आई विचारत नाही. "दुसरीकडे सहालाच कुलूप लावतात!" मुलीने नाक मुरडलं. "तिथेच जा," ताईच्या ओठांवर आलं. पण दारात तिचे मार्गदर्शक सर उभे होते. "येताना उशी आण," ती म्हणाली. मुलगी खळखळून हसली. पहिल्यांदा आली तेव्हा हेच ऐकून ताईही अशीच हसली होती.