रविवारच्या पट्ट्या

"आधी नाकाला विचार, मग हात लाव," रंगाच्या कारखान्यात राबणारे बाबा लहानपणी सांगायचे. कामगारांना असं नाक पणाला लावावं लागू नये, म्हणून लेकीनं यंत्र केलं. चांदीच्या पट्टीवर कारखान्यातल्या पाण्याचा थेंब टाकायचा, हलकासा करंट द्यायचा, लेसर सोडायचा, की थेंबातलं विष पडद्यावरच्या आलेखात आपलं शिखर काढून दाखवतं.

उद्या कारखान्यात चाचणी, आणि आज साध्या पाण्यातही भलतंच शिखर नाचू लागलं! तिनं पाणी बदललं, बाटली बदलली, शिखर काही हटेना. रविवारी बनवलेल्या पट्ट्या तेवढ्या निर्मळ निघाल्या. शेवटी बाबांचं ऐकून तिनं सोमवारची पट्टी नाकाशी धरली आणि खुदकन हसली. विष कुठलं, गुलाब होता!

"अहो पट्टीवाले, अत्तर लावून पट्ट्या बनवता होय?"

शेजारच्या टेबलावर पट्ट्या बनवणाऱ्या तरुणाचे कान लालेलाल झाले. "चुकलं मॅडम."

"मग रविवारी का नाही लावत?"

त्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले.



"रविवारी तुम्ही नसता ना."