गळ्यातले हात

रुपीबाईंनी दारातच पदर पुढे ओढला, उज्ज्वलाच्या गळ्यात हात टाकले आणि रडण्याचा सूर लावला. समुपदेशन केंद्राची ती खोली एवढीशी. मागच्या खुर्चीवर विमलताई गुणांचा तक्ता घेऊन बसलेल्या. शिकाऊ उज्ज्वलाची ही पहिली खरी भेट. आतापर्यंत वर्गातल्या पोरीच एकमेकींपुढे खोटंखोटं रडत होत्या.

उज्ज्वलानं गळ्यातले हात हळूच सोडवले. रुपीबाईंना खुर्चीवर बसवलं, कागदी रुमालांचा डबा त्यांच्याजवळ सरकवला, स्वतःचे हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसली. समोरचं माणूस रडत असेल तर आपण रडायचं नाही, घाई करायची नाही, शांतता सोसायची. शिकवलं होतं अगदी तसं. मग योग्य वेळ बघून ती म्हणाली, "रुपीबाई, तुम्हाला खूप दुःख होतंय, असं मला वाटतंय."

रुपीबाईंचा सूर मध्येच तुटला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मागच्या खुर्चीकडे बघितलं आणि डोळे पुसले. मग विचारलं तेवढंच सांगत राहिल्या. बहीण वारली, भुरीबाई. दोन महिने झाले. झोप नाही, घास उतरत नाही. अर्ध्या तासानं त्या एसटी गाठायला दिग्रसच्या स्टँडकडे निघून गेल्या.

"बराबर जमलं ना, ताई?" उज्ज्वलानं विचारलं.

विमलताईंनी दहापैकी नऊ गुण दिले. उज्ज्वलाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. संध्याकाळी घरी जाईपर्यंत ते उतरलंही.

कारण विमलताईंना जे ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं. ती रुपीबाईंच्याच तांड्यातली. एरवी त्यांना काकी म्हणणारी. तांड्यात बायकांनी मेलेल्या माणसासाठी एकटीनं रडायचं नसतं. एक गळ्यात पडते, त्या माणसाच्या आठवणी सुरात सांगते, दुसरी तिच्या सुरात सूर मिसळते. दुसरी मिसळली नाही तर पहिलीचं रडणं अर्धंच राहतं. आणि रुपीबाईंना दुसरी मिळतच नव्हती. भुरीबाईनं त्यांच्या दिराशी ठरलेली सोयरीक मोडून मनाचं लग्न केलं, तेव्हापासून घरानं तिचं नाव टाकलं होतं. ती गेल्यावर रुपीबाईंच्या नवऱ्यानं, देवसिंगनं बजावलं, की तिच्यासाठी तांड्यात कोणी गळा काढायचा नाही. म्हणून ती बाई एसटीत बसून दिग्रसला आली. तिथं आपली पोर बसते, आपली बोली बोलणारी, एवढं तिला पुरे होतं.

हे सगळं उज्ज्वलाला त्या खोलीतच समजलं होतं. सूर तिच्याही घशाशी आला होता. पण विमलताईंपुढे तांड्याच्या गोरबोलीत गळा काढायची तिला लाज वाटली. नियम आयताच होता, ती त्याच्या आड लपली.

ठरल्या गुरुवारी रुपीबाई आल्या नाहीत. विमलताईंना खरं सांगावं म्हणून उज्ज्वला दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेली आणि तिथला तक्ता बघून परत फिरली. नऊ गुण तिला खात होते.

रविवारी ती तांड्यात गेली. रुपीबाई अंगणात तूर पाखडत होत्या. देवसिंग ओसरीवर बसला होता. त्याला बघूनही उज्ज्वला अंगणात शिरली. मग तिनं ओढणी डोक्यावर घेतली, काकीच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. सूर धड लागेना. लहानपणापासून होस्टेलात राहिलेली पोर, आईचं रडणं आठवून आठवून रडत होती. तरी तिनं भुरीबाईचं नाव घेतलं, ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं घेतलं. देवसिंगनं मान वर केली. आता तो खेकसणार असं तिला वाटलं, पण तो उठला आणि बाहेर निघून गेला.

आता अडवणारं कोणी नव्हतं. उज्ज्वला दुसऱ्या सुराची वाट बघत राहिली.

रुपीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. गळ्यातले हात हळूच सोडवले. तिला बाजेवर बसवलं, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला, स्वतःचे हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसल्या. बऱ्याच वेळानं बोलल्या त्याही गोरबोलीत नव्हे, मराठीत.

"तुले लय दुःख होऊन राह्यलं, असं मले वाटते."

टोमणाच तो, असं समजून उज्ज्वलानं मान खाली घातली. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिनं वर बघितलं तेव्हा काकीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उज्ज्वलानं हात जोडले आणि सूर मिसळायची विनवणी केली.

रुपीबाईंनी मान हलवली. "नाही बाई. तू शिकेल-सवरेल पोरगी. आपलं रडनं अडान्याचं असते, हे मले तुयापाशी समजलं. तवापासून मी एकदाबी नाही रडली."

मग त्या थोड्या पुढे वाकल्या आणि हळूच विचारलं, "बराबर जमलं ना मले?"