सौमित्रचा साप

"काकू, या सापाला आज खायला घालायला हवं," निहार काचेच्या पेटीकडे पाहत म्हणाला. ओहायोतल्या या घरात तो सौमित्रबरोबर राहायचा. सौमित्र अपघातात गेला आणि त्याचे अंत्यसंस्कार करून सामान आवरायला त्याची आई, निर्मलाताई, मिरजेहून एकट्याच आल्या.

निहारने फ्रीजरमधलं उंदराचं मेलेलं पिल्लू कोमट पाण्यात सोडलं. घरात कधी अंडंही न आणलेल्या निर्मलाताईंनी चिमटा हातात घेतला. "तोच भरवायचा ना? मग मी भरवते."

त्यांनी झाकण उघडताच साप फुत्कारला, तडफडला आणि उताणा पडला. तोंड उघडं, जीभ बाहेर.

"मेला रे! माझ्या हातून मेला!" इतके दिवस न रडलेल्या निर्मलाताईंनी हंबरडा फोडला.

"मेला नाही, काकू. घाबरला की हा मेल्याचं सोंग घेतो. थोडं थांबा, उठेल."

थोड्या वेळाने साप खरंच सुलटा झाला. निर्मलाताईंनी पिल्लू पुढे धरलं. सापाने ते हळूच ओढून घेतलं.

"शवागारातही मी अशीच थांबले होते रे," त्या सापाकडे बघत म्हणाल्या. "तिथल्या बाईनं हाताला धरून बाहेर आणेपर्यंत."